दोन्ही बोटांना शाई

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान उरकून संध्याकाळी मोशी चौकात चहाला थांबलो होतो. कप घेताना टपरीवाल्याचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. डाव्या तर्जनीला शाई, उजव्या तर्जनीलाही शाई. "काय साहेब, दोनदा हाणलं का?" त्यानं मोठ्यानं विचारलं आणि टपरीवरची सगळी तोंडं माझ्याकडे वळली. त्यात दोन पक्षांचे कार्यकर्ते होते, त्यामुळे लगेच खुलासा करणं भाग होतं. डावीकडची शाई माझ्या मताची, उजवीकडची मामांच्या.

मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ. भोसरी एमआयडीसीत एका टूलरूममध्ये त्यांनी २८ वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर काचबिंदूनं नजर नेली. आता बोऱ्हाडेवाडीच्या अंगाला, आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. अंध मतदाराला केंद्रात एक सोबती नेता येतो. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ४९-एन हा नियम त्यासाठीच आहे. सोबत्यानं १८ वर्षं पूर्ण केलेली असावीत, मत गुप्त ठेवीन आणि आज दुसऱ्या कुणाचा सोबती झालेलो नाही असं लिहून द्यावं, त्याचं नाव १४-अ नमुन्यातल्या यादीत चढावं आणि त्याच्या उजव्या तर्जनीला शाई लागावी, अशी ही सगळी रीत. एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येतं. गावचा एखादा पुढारी सकाळपासून अंध-अपंगांचा हात धरून बटणं दाबत बसलाय, असं चित्र नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असणार, आणि ते काही अगदी कल्पनेतलं नव्हे. मतदान कर्मचाऱ्यांनाही सोबती होता येत नाही.

मामांनी त्या दिवशी कुणाला मत दिलं ते मला ठाऊक आहे. इथे लिहिणार नाही, सही केलेली आहे. पण ते मला ठाऊक आहे, हेच मामांना खुपत होतं. घरी येताना जिन्यात थांबून म्हणाले, "बटण मी दाबलं रे, पण 'हेच ना?' म्हणून विचारलं तुला. चाळीस वर्षांत मत कुणाला देतो ते तुझ्या मामीला कळू दिलं नव्हतं मी."

या लेखाची सुरुवात त्या जिन्यात झाली.

*

मतदान यंत्राच्या बॅलट युनिटवर उमेदवाराच्या निळ्या बटणाशेजारी ब्रेल अंक उठवलेले असतात, १ ते १६. ते आपोआप आलेले नाहीत. डिसेबल्ड राइट्स ग्रुपचे जावेद अबिदी स्वतः व्हीलचेअर वापरत. त्यांनी २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. निवडणूक ऐन रंगात असताना, एप्रिलमध्ये, न्यायालयानं निदान शहरांत तरी केंद्रांवर लाकडी रॅम्प लावायला सांगितलं. ब्रेल यंत्रांचा पहिला प्रयोग त्याच वर्षी हैदराबादच्या आसिफनगर मतदारसंघात झाला. पुढे तो देशभर गेला. केंद्राध्यक्षाकडे उमेदवारांची नावं असलेली ब्रेलमधली नमुना मतपत्रिकाही असते. ती वाचून अंध मतदारानं आपल्या उमेदवाराचा क्रमांक मनात धरायचा आणि मग यंत्राशी जायचं.

व्यवस्था चांगली आहे, फक्त ब्रेल यायला हवं. आळंदीला 'जागृती' ही अंध मुलींची शाळा आहे, इथून तास-अर्ध्या तासाच्या अंतरावर. तिथल्या मुली मोठ्या झाल्यावर त्या पत्रिकेवरून झरझर बोट फिरवतील. पण साठीनंतर काचबिंदूनं, मधुमेहानं दृष्टी गेलेला माणूस ब्रेल शिकायला बसत नाही. मामांनी त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाले, "बर राहिलीय." कातकामानंतर धातूच्या कडेला जी खरबरीत धार राहते तिला कारखान्यात बर म्हणतात. २८ वर्षं त्यांनी त्याच अंगठ्यानं बर शोधून काढून टाकली होती.

ब्रेल येत असलं तरी बोटाला कळतो तो क्रमांक. नाव नाही आणि चिन्हही नाही. इंग्लंडमध्ये अंध मतदारांसाठी मतपत्रिकेवर ठेवायची प्लास्टिकची खिडक्यांची पट्टी असे. कितवी ओळ ते ती सांगायची, ओळीत कोण आहे ते सांगत नसे. रेचल अँड्र्यूज या अंध मतदार त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि २०१९ मध्ये न्यायाधीशांनी या प्रकाराला निवडणुकीचं विडंबनच ठरवलं. आपल्या यंत्राची गत फार वेगळी नाही. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. मत योग्य ठिकाणी गेलं का याची खात्री करून घेण्याचा तो उपाय, पण तो डोळसांपुरता. मामांना फक्त बीप ऐकू येतो आणि तो कुणाच्याही मताला सारखाच वाजतो.

असं काही बोललं की कुणीतरी म्हणतं, एवढ्या थोड्यांसाठी किती सोयी करायच्या? मला अशा वेळी निवडणूक चिन्ह आठवतं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशातली जेमतेम १८ टक्के माणसं साक्षर होती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह अशी युक्ती निघाली. बैलजोडी, झोपडी ही न वाचता येणाऱ्यांसाठी केलेली सोयच होती. तिला कुणी उपकार म्हटलं नाही, सवलत म्हटलं नाही. आज पीएचडी झालेला मतदारही चिन्ह बघूनच बटण दाबतो. निरक्षर आहे म्हणून सोबती मिळत नाही असं निवडणूक आयोगाच्या सूचनांत स्पष्ट म्हटलंय, कारण त्याच्यासाठी चिन्ह आहे. न वाचता येणाऱ्या माणसाला एकट्यानं आणि गुपचूप मत देता यावं याची तजवीज या देशानं पहिल्याच निवडणुकीत केली होती. न दिसणाऱ्याची तजवीज अजून दुसऱ्याच्या डोळ्यांवर अडकली आहे.

*

रॅम्पबद्दल थोडं. उताराचं साधं गणित आहे, १ ला १२. एक इंच चढायला बारा इंच लांबी. शाळेचं जोतं दोन फूट उंच असेल तर २४ फुटांचा रॅम्प लागतो. मोशी-भोसरीच्या केंद्रांवर फिरताना मी सहा-सात फुटांच्या प्लायवुडच्या घसरगुंड्या पाहिल्या आहेत. खाली व्हीलचेअर, मागे ढकलणारा एनएसएसचा पोरगा, पुढून ओढणारा होमगार्ड आणि बाजूला मोबाईलवर फोटो काढणारे दोघं. व्हीलचेअरमध्ये बसलेल्या बाईंच्या चेहऱ्यावर लोकशाहीचा उत्सव वगैरे काही दिसत नव्हता, पडायची भीती दिसत होती. इथून इंद्रायणी ओलांडली की कुरुळी, चाकण. या पट्ट्यात माणसं मायक्रॉनवर भांडतात, दोन मायक्रॉन चुकले तर अख्खा लॉट परत येतो. आणि रॅम्पचा उतार मात्र नजरेच्या अंदाजानं!

न्याय म्हणून हेही सांगायला हवं की गोष्टी सुधारल्या आहेत. केंद्र तळमजल्यावर असावं हा दंडक बऱ्यापैकी पाळला जातो. २०२४ मध्ये मोठ्या गृहसंकुलांच्या आवारात केंद्रं काढली गेली. तिथे उंबरे कमी आणि सपाट फरशी जास्त. निवडणूक आयोगाच्या सक्षम ॲपवर व्हीलचेअर मागवता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले आणि त्याच्या ११ व्या कलमानं केंद्रीय आयोगासोबत राज्य निवडणूक आयोगालाही बांधून घेतलं: सगळी केंद्रं पोचता येण्याजोगी हवीत आणि निवडणुकीचं सगळं साहित्य समजण्याजोगं हवं. कायद्यात दोन्ही गोष्टी आहेत. पहिलीचे फोटो छापून येतात, दुसरीचा फोटो काढता येत नाही.

*

आमच्या मागच्या इमारतीत बीड जिल्ह्यातला एक जण राहतो. पॉवर प्रेसवर काम करायचा. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट प्रेसनं नेलं. इकडे "बोट गेलं" हा रोजच्या बोलण्यातला शब्दप्रयोग आहे, दात पडला म्हणावं इतक्या सहज. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटांचे भाव लिहिलेले होते: अख्खी तर्जनी गेली तर कमावण्याच्या ताकदीतली घट १४ टक्के, मधलं बोट १२, एका हाताची दोन बोटं २०, अंगठा ३०.

मतदान केंद्रात तर्जनीला सगळ्यात जास्त मान. त्याला विचारलं, शाई कुठे लावतात? हसला. "दादा, ती मॅडम आधी बोटच हुडकत बसली. मग मलाच म्हणाली, आता कुठं लावू? म्हणलं, जे हाय त्याला लावा." नियम ४९-के मध्ये ती पायरी लिहिलेली आहे. डावी तर्जनी नसेल तर डाव्या हाताच्या कुठल्याही बोटाला, डाव्या हाताला बोटंच नसतील तर उजव्या तर्जनीला, तीही नसेल तर उजव्याच्या दुसऱ्या बोटाला, आणि दोन्ही हातांना बोटं नसतील तर हाताचा जो काही शेवट असेल तिथे. म्हैसूर पेंट्सच्या कारखान्यातून १९६२ पासून येणाऱ्या शाईसाठी कायद्यानं माणसाच्या शरीराचा इतका बारीक विचार केलेला पाहून मला दरवेळी नवल वाटतं. दोनदा मत पडू नये याची काळजी घेताना ज्या लेखणीला थोट्या हाताचाही विसर पडला नाही, तिला एकदा नीट मत देता यावं याची काळजी घेताना टक्क्यांचा आधार लागतो.

हे टक्के म्हणजे ४०. 'लक्षणीय' अपंगत्वाची ती रेषा. तिच्या वर असाल तर घरून मतदानाचा १२-ड अर्ज भरता येतो, खाली असाल तर रांगेत या. रांगेत प्राधान्य मिळतं, ते कुणी नाकारत नाही. पण या गड्याची खरी अडचण टक्क्यांची नव्हतीच. मोशीत राहायला येऊन त्याला नऊ वर्षं झाली आणि त्याचं नाव २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत गावच्याच यादीत होतं. मोशीचं हे नेहमीचंच. १९९७ मध्ये गाव महापालिकेत आलं, ज्वारीच्या रानांत बारा-बारा मजली इमारती उभ्या राहिल्या आणि माणसं बीड, लातूर, जळगाव, बुलढाण्याहून आली. आधार इथलं, गॅस इथला, मत तिकडचं. धडधाकट माणूस मतदानाला म्हणून एसटीनं गावी जाऊन येतो, जत्रा असल्यासारखा. कुबड्या घेऊन चारशे किलोमीटर कोण जाणार? नमुना ८ भरला की मतदार यादीतला पत्ता बदलतो आणि दिव्यांग म्हणून नोंदही त्याच नमुन्यावर करता येते. ही दुसरी नोंद फार थोडे करतात.

आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, लहान मुलं धरून. २०२४ च्या विधानसभेला मतदार यादीत दिव्यांग म्हणून नोंद होती सुमारे सहा लाख चाळीस हजारांची. मुलं वजा करा, दुहेरी मोजणी झाली समजा, तरी मधली दरी बुजत नाही. ती माणसं यादीत असतीलही, पण कुणाला व्हीलचेअर लागेल, कुणाला सोबती लागेल हे यंत्रणेला माहीत नाही. नोंद का करत नाहीत असं मी तिघाचौघांना विचारलं. एका काकूंनी सांगितलं, पोराचं लग्न व्हायचंय. त्यावर काय बोलणार?

आणि काहींची नावं घरचेच घालत नाहीत. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाची आई सहज म्हणून जाते, "त्याला काय कळतंय त्यातलं?" घटनेच्या ३२६ व्या कलमात मनोविकलतेचा उल्लेख आहे, पण १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा नाव नाकारायला सक्षम न्यायालयानं तसं जाहीर करण्याची अट घालतो. डॉक्टरचा दाखला पुरत नाही, यादीसाठी घरी येणाऱ्या बीएलओचं मत तर नाहीच नाही. कळतंय का, ही परीक्षा बाकीच्या कुणाची होत नाही. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवडणुकीच्या आठवड्यात जे फिरतं ते वाचलं तर ती सुरू करावी की काय असं वाटतं, पण ते असो.

*

घरून मतदान पिंपरी-चिंचवडला पहिल्यांदा जवळून दिसलं ते एका विलक्षण योगायोगानं.

जून २०२२. विधान परिषदेची निवडणूक, एकेका मताची ओढाताण. चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप आणि कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक, दोघंही कर्करोगानं अंथरुणाला खिळलेले. दहा तारखेला राज्यसभेसाठी आणि वीस तारखेला परिषदेसाठी दोघांनाही रुग्णवाहिकेतून मुंबईला नेलं. वीस तारखेला काँग्रेसनं आक्षेप घेतला की दोघांनी मतपत्रिका स्वतः पेटीत टाकल्या नाहीत, दुसऱ्याकडून टाकून घेतल्या. मतमोजणी लांबली, प्रकरण आयोगाकडे गेलं, आक्षेप फेटाळला गेला. तेव्हाची चर्चा कोण किती निष्ठावान यावर झाली. मला त्यातला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटला होता: हात चालत नसेल तर दुसऱ्याचा हात किती अंतरापर्यंत चालतो? आमदारालाही तो चुकला नाही. फरक एवढाच की आमदारासाठी रुग्णवाहिका येते आणि आक्षेपाची सुनावणी त्याच रात्री होते.

२२ डिसेंबरला मुक्ताताई गेल्या, ३ जानेवारीला लक्ष्मणभाऊ. त्या दोन जागांची पोटनिवडणूक २६ फेब्रुवारी २०२३ ला झाली आणि तिच्यात ८० च्या वरच्या आणि दिव्यांग मतदारांकडे टपाली मतपत्रिका घेऊन पथकं घरी गेली. दोन मतदान अधिकारी, पोलीस, व्हिडिओवाला, पुठ्ठ्याचा आडोसा. सरकारचं माणूस आपल्या पलंगापाशी मत मागायला येतं याचं अनेक आजी-आजोबांना अप्रूप वाटलं. मार्च २०२४ मध्ये वयाची अट ८० वरून ८५ वर नेली गेली.

पण पलंगाभोवती सून, मुलगा, नातू उभे असतात. पथकानं त्यांना बाहेर काढायचं असतं. वन-बीएचकेमध्ये बाहेर म्हणजे कुठे, हा भाग वेगळा. आणि एकदा १२-ड भरला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. मामांनी म्हणूनच तो भरला नव्हता. "मी काय आजारी आहे?" हा त्यांचा सवाल.

*

१५ जानेवारी २०२६. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या महापालिकेची निवडणूक अखेर लागली. ती राज्य निवडणूक आयोगाची. तिथे १२-ड नाही, व्हीव्हीपॅट नाही. चार सदस्यांचा प्रभाग, म्हणजे मतं चार. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकी गुलाबी, क ची फिकी पिवळी, ड ची फिकी निळी. मतदारांचा गोंधळ होऊ नये म्हणून हे रंग. मामांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "वा! माझ्यासाठी सगळ्या काळ्या."

आदल्या रात्री त्यांनी मला बोलावून घेतलं. चारही जागांची पूर्ण यादी क्रमांकासकट वाचायला लावली, सगळी नावं, अपक्षांसकट, एकसुरात. मध्ये कुठे थांबायचं नाही, आवाज चढवायचा नाही. दोनदा वाचून घेतली. "झालं," म्हणाले. कुणाचं नाव विचारलं नाही.

सकाळी केंद्रावर मी १४-अ सारख्या कुठल्याच कागदावर सही केली नाही. केंद्राध्यक्ष तरुण होते, शिक्षक असावेत. मामांनी त्यांना एवढंच विचारलं, "सर, यंत्रं किती आणि कुठली जागा कुठून सुरू होते?" त्यांनी नीट सांगितलं: दोन युनिट, डावीकडच्यावर अ आणि ब, उजवीकडच्यावर क आणि ड, मधलं अंतर इतकं. मामांनी मान हलवली, ड्रॉइंग ऐकल्यासारखी. मग मी त्यांना टेबलापर्यंत नेलं, हात युनिटच्या कडेवर ठेवला आणि दाराशी येऊन उभा राहिलो.

पुठ्ठ्याच्या आड फक्त कोपर हलताना दिसत होतं. चारही मतं झाल्याशिवाय बीप येत नाही. एक मिनिट गेलं. मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला. दुसरं मिनिट. एका पोलिंग एजंटनं माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटपाशी जाऊन म्हणाले, "बाबा, एक मत राहिलंय." कुठलं राहिलंय ते यंत्र सांगत नाही आणि सांगत असलं तरी आडोशापलीकडे वाकून बघायचा अधिकार कुणाला नाही. मी पाऊल उचललं. आतून आवाज आला, "तू थांब तिथंच."

मामांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली. पडलेल्या मताचं बटण पुन्हा दाबलं तर काही होत नाही, हे त्यांनी आदल्या रात्री खात्री करून घेतलं होतं. एक. दोन. तीन. आणि लांबलचक बीप.

या वेळी शाई मार्कर पेननं लावत होते. ती पुसली जाते म्हणून त्या दिवशी राज्यभर गदारोळ झाला. मामांनी डावं बोट पुढे धरलं, पेन फिरलं तरी बोट तसंच. "लावली का?" त्यांनी विचारलं. पूर्वीची शाई गार लागायची, ही नुसती ओरखडते.

बाहेर उन्हात आल्यावर मी न राहवून म्हणालो, "मामा, ते तिसरं आधी चुकून दुसरीकडे तर नाही ना पडलं?"

"पडलं असेल," मामा म्हणाले आणि खांद्यावरचा हात काढून काठी उघडली. "मलाच नक्की माहीत नाही. पण तुला तर अजिबातच माहीत नाही."